साका वजा

आमच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, मुंबईहून आलेल्या आंब्याच्या पट्ट्या तिच्यात वर्षावार सुतळीने बांधून ठेवल्या होत्या. पट्टी म्हणजे दलालाचा हिशेबाचा कागद. किती पेट्या पोचल्या, कोणत्या भावाने गेल्या, भाडे किती, हमाली किती, दलाली किती आणि हे सगळे जाऊन बागायतदाराच्या हातात काय उरले. जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीतले ते अक्षर आमच्याकडच्या पावसाळी दमटपणाने फुटलेले असे. बऱ्याच पट्ट्यांच्या तळाशी दोन शब्द ठरलेले, ‘साका वजा’. पुढे रक्कम.

दुसरी-तिसरीत असताना मी ते ‘साका वझे’ असे वाचत असे. आमच्या वाडीत वझ्यांची दोन घरे होती. तेव्हा मुंबईतही कुणी साका वझे असणार आणि तो दर हंगामात आबांचे पैसे कापून घेतो, यात मला काही विचित्र वाटले नाही. हा गृहस्थ एवढा कोण लागून गेला, असे मी एकदा आबांना विचारले. आबा हसले नाहीत. आढीतला एक तयार हापूस त्यांनी आणला, सालीवर डाग नाही, रंग केशरी, वास घरभर. तो मधोमध कापला. बाठ्याच्या अंगाला गर पांढुरका, भुसभुशीत झालेला, आणि त्याला आंबूस वास. “हा तो,” आबा म्हणाले. “न कापता ओळखून दाखव आणि माझी अर्धी बाग घे.”

ती अर्धी बाग मला अजून मिळालेली नाही.

पुढे मी इंजिनिअर झाले आणि चिंचवडला, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात लागले. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात गाड्या बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी आमच्यासारख्या पुरवठादारांकडे एक तक्ता मागायला सुरुवात केली. फेल्युअर मोड अँड इफेक्ट्स अॅनालिसिस. सगळे त्याला एफएमईए म्हणत. नाव भारदस्त, पण काम एखाद्या काळजीखोर बाईच्या मनात दिवसभर चालते तेच. डाव्या बाजूला कामाची एकेक पायरी लिहायची आणि प्रत्येकीपुढे प्रश्न विचारत जायचे. इथे काय बिघडू शकेल? बिघडले तर कुणाला काय भोगावे लागेल? कशामुळे बिघडेल? ते होऊ नये म्हणून आज आपण काय करतो, आणि झालेच तर ते आपल्याला कुठे सापडेल? मग एक ते दहा असे तीन गुण द्यायचे. परिणाम किती वाईट, त्याचा पहिला. किती वेळा घडते, त्याचा दुसरा. तिसरा गुण उलटा चालतो. बिघाड सहज पकडता येत असेल तर एक, कुठल्याच उपायाने पकडता येत नसेल तर दहा. तिन्हींचा गुणाकार करायचा आणि मोठ्या आकड्यापासून कामाला लागायचे.

पहिल्या बैठकीत साहेबांनी तिसऱ्या गुणाला दहा कधी द्यायचे हे समजावले, तेव्हा वहीच्या कडेला मी नकळत ‘साका’ असे लिहिले. शेजारच्या सहकाऱ्याने विचारले, हा कुठला पार्ट?

या तक्त्याचा जन्म आंब्यापासून फार लांब झाला. अमेरिकी लष्कराने ९ नोव्हेंबर १९४९ रोजी एक कार्यपद्धती ठरवली. यंत्रातला एखादा भाग निकामी झाला तर मोहिमेवर आणि माणसांवर काय परिणाम होईल, हे आधीच कागदावर मांडायची ती पद्धत होती. साठच्या दशकात नासाने ती चांद्रमोहिमांसाठी वापरली. अंतराळवीरांचे खाणे बनवायला पिल्सबरी नावाच्या पिठाच्या कंपनीला सांगितले, तेव्हा एक मजेशीर अडचण आली. तयार अन्न निर्धोक आहे हे तपासून सिद्ध करायचे तर त्यातले बहुतेक तपासणीतच संपणार, मग वर पाठवायचे काय? म्हणून शेवटी तपासण्याऐवजी बनवतानाच्या प्रत्येक पायरीवर धोका कुठे शिरतो ते पाहायचे ठरले. आज खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत हॅसेप म्हणून जी पद्धत चालते ती तिथून निघाली. सत्तरच्या दशकात फोर्डच्या पिंटो गाडीच्या पेट्रोल टाकीचे प्रकरण गाजल्यावर मोटारवाल्यांनीही हा तक्ता मनावर घेतला, १९९३मध्ये अमेरिकी मोटार उद्योगाची सामाईक पुस्तिका निघाली आणि ती फिरत फिरत चिंचवडला आमच्या टेबलावर येऊन पडली.

तपासला की संपतो, हे पिल्सबरीवाल्यांना साठच्या दशकात उमगले. आमच्या आजीला ते आधीपासून ठाऊक होते. कापून पाहिलेला आंबा विकता येत नाही.

आता पट्टीकडे बघा. आमच्या कारखान्यात एखादा भाग ग्राहकाकडे नापास झाला की तोच भाग लाल चिठ्ठी बांधून परत यायचा. कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीत, कोणत्या यंत्रावर बनला, ते त्याच्या अंगावरच्या खुणेवरून निघायचे. पैसे कापले जायचे ते वेगळेच, पण वस्तू परत यायची. आंब्याच्या धंद्यात शंभरावर वर्षे फक्त पैसे कापले गेले. साक्याचा आंबा रत्नागिरीला परत येऊ शकत नाही, येईपर्यंत त्याचे पाणी होईल. त्यामुळे पट्टीत परिणाम होता, किंमत होती, कारणाचा रकाना नव्हता. कुठल्या कलमाचा आंबा, कोणत्या तोडीचा, कातळावरचा की खलाटीतला, हे मुंबईच्या गाळ्यावर कुणाला माहीत असायचे कारण नव्हते. आणि खरा साका किती, हिशेबातला किती, हे इथे बसून कळायलाही मार्ग नव्हता. आमच्या एका दलालाच्या पट्टीत एका वर्षी सलग सात वेळा एकच रक्कम ‘साका वजा’ झालेली मी पाहिली आहे. निसर्ग इतका नेमका वागत नाही.

पणजोबांच्या वेळी आंबा बोटीने जाई. रत्नागिरीला आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसे, करंड्या, सगळे पडावातून तिच्यापर्यंत न्यायचे. बागेतून डोक्यावर, मग बैलगाडीत, बैलगाडीतून पडावात, पडावातून बोटीत, मुंबईला धक्क्यावर, तिथून हातगाडीवर आणि शेवटी क्रॉफर्ड मार्केटात. तक्ता लिहायची सवय जडलेल्या माणसाला ही सहा-सात वेळची उचल-ठेव दिसल्यावर झोप लागणार नाही. प्रत्येक ठिकाणी फळ आपटू शकते आणि आपटलेले फळ आढीत दहा दिवसांनी बोलते. शिवाय मेअखेरीस समुद्र खवळला की बोट बंद, मग उरलेला आंबा घरच्या साठांना आणि गावच्या पोरांना. नंतर ट्रक आले. संध्याकाळी पेट्या भरायच्या, रात्रभर कशेडी घाटातून गाडी हाकायची, पहाटे मार्केट गाठायचे. नव्वदच्या दशकात घाऊक फळबाजार वाशीला गेला. उचल-ठेव कमी झाली, पट्टी मात्र तशीच राहिली. कागद छापील झाला एवढेच.

पण कारणाचा रकाना नसला तरी बागेत नियम होते, आणि ते कुणी कशासाठी घातले हे विचारायची सोय नव्हती. चिंचवडला वीस वर्षे काढून परत आल्यावर मला ते नियम निराळे दिसू लागले. प्रत्येकामागे कधीतरी फसलेली एखादी पेटी असणार. आंबा उन्हाच्या आधी काढायचा. काढला की झाडाच्या सावलीत, पेंढ्यावर. उन्हात पडून राहिलेला आंबा आढीत एकसारखा पिकत नाही. देठ बोटाच्या पेराएवढा ठेवायचा, कारण देठ उपटला की चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो, वर देठाच्या जागेतून कूज आत शिरते. साध्या झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा ओढला की देठ बऱ्याचदा तुटायचाच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने पुढे झेल्याला पाते लावून ‘नूतन झेला’ केला, त्याने आंबा देठासकट कापला जाऊन जाळीत पडतो. ही सुधारणा इतकी साधी आहे की कारखान्यात कुणी सुचवली असती तर त्याला पंधराशे रुपयांचे बक्षीस आणि नोटीस बोर्डावर फोटो मिळाला असता. इथे पोरेटोरेही तो झेला वापरतात आणि कुणी केला ते बहुतेकांना माहीत नसते.

जमिनीवर पडलेला आंबा पेटीत घालायचा नाही, हा आबांचा सगळ्यात कडक नियम होता. वरून काहीही दिसत नसले तरी नाही. आमच्या जुन्या गड्याने एकदा डोळा चुकवून दोन आंबे घातले. आबांनी अख्खी पेटी ओतायला लावली, कारण त्यातले ते दोन कोणते हे आता त्यालाही सांगता येईना.

आणि आजीची आढी. पेंढ्याचा थर, आंब्यांचा थर, पुन्हा पेंढा. माजघरात काळोख, आणि आजी पहाटे उठून आढीवर नाक नेऊन बसायची. नासका आंबा तिला दिसायच्या आधी वासाने कळायचा. करपा, देठकूज, आपट लागलेले फळ, सगळे ती आठ दिवसांत वेचून काढायची. आजीच्या नाकाला मी पकडीसाठी दोन गुण देईन, म्हणजे जवळजवळ काही सुटायचेच नाही. पट्टी आबांच्या नावावर येई आणि ट्रंकेची किल्लीही त्यांच्याकडे. पण आमच्या बागेचा गुणवत्ता विभाग माजघरात लुगडे नेसून बसलेला होता. तिलाही साका मात्र कळत नसे. तो वासाला येत नाही, रंगाला येत नाही, दाबून कळत नाही. हातात घेऊन साका सांगणारे दोन-तीन जाणकार मला भेटले आहेत. सुरीने तिघांनाही खोटे पाडले.

साका शास्त्राच्या कागदावर कधी आला, हे मला नंतर वाचताना सापडले. १९३२ आणि १९३३ साली मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने युरोपात आंबा पाठवून पाहिला. त्या प्रयोगाचा अहवाल चीमा आणि दाणी या दोघांनी १९३४मध्ये लिहिला आणि साक्याची पहिली शास्त्रीय नोंद म्हणून आजही त्यांचेच नाव घेतले जाते. बागेत हा विकार त्याआधीही असणारच. पण कागदावर यायला साता समुद्रापलीकडचे गिऱ्हाईक आणि सरकारी खर्चाची बोट लागली. क्रॉफर्ड मार्केटातल्या गिऱ्हाइकाची तक्रार पट्टीत विरली, युरोपातल्या गिऱ्हाइकाच्या तक्रारीचा अहवाल झाला.

त्यानंतर कारणांचा शोध बरीच दशके चालला. आधी संशय आला उन्हाचा. फळ झाडावर असताना तापलेल्या जमिनीची धग खालून लागते आणि आतला गर पिकण्याआधीच बिघडतो, असे मांडले गेले. गुजरातेतल्या संशोधकांनी झाडाखाली गवत राखून, आच्छादन करून पाहिले आणि साका कमी झाल्याचे नोंदवले. कोकणातल्या माणसाला हे ऐकून आपली कातळावरची कलमे आठवल्याशिवाय राहत नाहीत. आमच्याकडे जांभ्याच्या उघड्या सड्यावर सुरुंग लावून खड्डे पाडलेले असतात, बाहेरून माती आणून त्यात कलम लावलेले. एप्रिलच्या दुपारी त्या सड्यावर अनवाणी चालून दाखवा. या शतकाच्या पहिल्या दशकात बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी बोट आणखी आत नेले, थेट बाठ्यावर. हापूसचे फळ झाडावर राहिले की बाठा आतल्या आत रुजायच्या तयारीला लागतो आणि त्याची ओढ भोवतालच्या गरावर पडते, असे त्यांचे म्हणणे. पुढे त्यांनी झाडावर असतानाच द्यायचे एक द्रावण काढले. त्याचे नाव ‘अर्का साका निवारक’. आमच्या बागेतला शब्द बंगळुरूच्या बाटलीवर छापलेला पाहून मला आबांची फार आठवण आली.

बाठ्याचे म्हणणे खरे मानले तर एक जुना हिशेब नीट लागतो. आबा आंबा ‘चौदा आणे’ तयार झाला की काढायचे. सोळा आणे म्हणजे झाडावर पूर्ण पाडाला लागलेला, त्याला पक्षी तरी खाणार नाहीतर साका. विद्यापीठाची शिफारस पंच्याऐंशी टक्के पक्वतेची आहे आणि चौदा आणे म्हणजे साडेसत्याऐंशी टक्के. अडीच टक्क्यांवर मी आबांशी वाद घालणार नाही. पाण्यात टाकून पाहायचीही एक परीक्षा आहे. फळाची घनता पाण्याइतकी किंवा किंचित जास्त, १ ते १.०२ यांच्या दरम्यान असावी. तरंगणारे फळ कोवळे, आणि फार जड फळात साक्याची शक्यता वाढते. ही परीक्षा अंदाज देते, निकाल नाही. निकाल देणारी गोष्ट १९९३मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या लोकांनी करून पाहिली. त्यांनी हापूसचे एक्स-रे काढले आणि साक्याची जागा चित्रात वेगळी दिसते असे दाखवले. ज्या वर्षी मोटारवाल्यांची पुस्तिका निघाली त्याच वर्षी आबांची पैज कुणीतरी जिंकली होती. फक्त एका आंब्याच्या एक्स-रेची किंमत पाच डझनी पेटीत कशी बसवायची, हे कुणी सांगितले नाही.

तक्त्याच्या शास्त्रात सगळ्यात वरचा उपाय पकडण्याचा नसतोच. बिघाडाची जागाच रचनेतून काढून टाकायची. आंब्याच्या बाबतीत हेही झाले आहे, आणि इथून दक्षिणेला वेंगुर्ल्यात झाले आहे. तिथल्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांचा संकर करून १९८१मध्ये ‘रत्ना’ ही जात दिली. फळ मोठे, गर बिनरेषांचा आणि साका नाही. १९९२मध्ये रत्ना आणि हापूसपासून ‘सिंधु’ काढली, तिचा बाठा कागदासारखा पातळ. चिंचवडच्या आमच्या बैठकीत कुणी असे केले असते तर तो रकाना कायमचा बंद झाला असता, दहाच्या जागी एक लिहून चहा मागवला असता.

माझ्या भावाने रत्नाची बारा कलमे लावली. फळ उत्तम येते, मला तर आवडते. पण बाजारात ते हापूस नाही. पेटी उघडल्यावर घेणारा विचारतो, हे काय आहे? नाव सांगितले की भाव उतरतो. साक्याची धास्ती घेऊन माणसे हापूस घेतील, पण बिनधोक रत्ना हापूसच्या भावाने घेणार नाहीत. मी भावाला म्हटले, तक्त्यात एक रकाना राहिला, ‘नाव नसणे’, आणि त्याची तीव्रता साक्याहून जास्त आहे. ऑक्टोबर २०१८मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना. म्हणजे साक्यासकट त्या नावाला आता कायद्याचे कुंपण आहे.

तीव्रतेचा गुण कोण देतो, यावर कारखान्यात आमची भांडणे होत. बनवणारा तीन म्हणे, वापरणारा नऊ. आंब्याच्या निर्यातीत हे भांडण दोन देशांत झाले. कोयीत भुंगा निघणे आपल्याला नवे नाही. गर चांगला असतो, आपण बाठा फेकतो, विषय संपला. अमेरिकेला तो भुंगा आणि फळमाशी तिकडच्या बागांत शिरण्याची भीती, म्हणून जवळजवळ अठरा वर्षे भारतीय आंब्याला तिथे दार बंद होते. २००७च्या एप्रिलमध्ये ते उघडले ते एका अटीवर, की प्रत्येक आंब्याला किमान ४०० ग्रे इतकी किरणमात्रा द्यायची. ती सोय होती लासलगावला, कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून उभारलेल्या केंद्रात. आमचा आंबा सह्याद्री चढून कांद्याच्या गावी गेला आणि तिथून विमानाने अमेरिकेला. त्याआधी २००६मध्ये जपानने वीस वर्षांची बंदी उठवली होती, तिथे अट गरम वाफेची.

युरोपचे प्रकरण मला जास्त शिकवून गेले, कारण तक्त्यातली एक जुनी खोट त्यात उघडी पडली. तीन गुणांचा गुणाकार फसवतो. सालीवरचा चिकाचा डाग घ्या. तीव्रता चार, वारंवारता चार, पकड चार, गुणाकार चौसष्ट. निर्यातीच्या पेटीत फळमाशीची अळी घ्या. तीव्रता दहा, पण क्वचित घडते म्हणून दोन, आणि पॅकहाउसमध्ये सापडेल अशी खात्री म्हणून दोन. गुणाकार चाळीस. आकड्यांवर भरवसा ठेवणारा माणूस आधी डाग पुसत बसेल. २०१३मध्ये भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ मालांत युरोपीय तपासनिसांना फळमाशी आणि इतर किडी सापडल्या, आणि १ मे २०१४पासून आंबा व चार भाज्या यांना युरोपची दारे बंद झाली. एक मे म्हणजे आमच्याकडे हंगाम ऐन भरात. ज्याच्या पेटीत आयुष्यात अळी निघाली नव्हती त्याचीही पेटी वाशीला उतरली आणि भाव कोसळले. ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटे ही गरम पाण्याची प्रक्रिया आणि कडक तपासणी बसवल्यावर २०१५च्या जानेवारीत बंदी उठवायचे ठरले. मोटारवाल्यांनी २०१९च्या नव्या पुस्तिकेत तो गुणाकार काढून टाकला आणि तीव्रतेकडे आधी पाहायला सांगितले. मला बातमी कळली तेव्हा मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते, आणि मला पहिल्यांदा आठवली ती २०१४ची पट्टी.

वादळांबद्दल फार लिहीत नाही. २००९चे फयान, २०२१च्या मेमधले तौक्ते. तक्त्यात ‘कारण’ म्हणून वारा लिहिता येतो, पण पुढच्या रकान्यात काय लिहिणार?

निवृत्तीनंतर मी दोन हंगाम घरी राहून एफएमईए बागेवर लावून पाहिला. धाकटा भाऊ म्हणाला, “ताई, हा आंबा आहे, ब्रेक नाही.” तरी त्याने करू दिले. बागेचे पाच तुकडे पाडले, प्रत्येक क्रेटला खडूने तुकडा आणि तोडीची तारीख, आणि पेटीच्या आत एक चिठ्ठी. आता आमचा निम्मा माल थेट पुण्या-मुंबईच्या घरांत जातो, म्हणून गिऱ्हाइकांना विनंती केली की साका निघाला तर चिठ्ठीचा फोटो पाठवा. दोन हंगामांच्या माझ्या वहीला मी शास्त्र म्हणत नाही. पण साक्याचे जे फोटो आले त्यांत वरच्या कातळाच्या तुकड्याची चिठ्ठी सारखी दिसत होती, आणि तीही मेच्या दुसऱ्या आठवड्यानंतरच्या तोडीची. त्या तुकड्यात आम्ही गवत काढायचे बंद केले आणि तिथली तोड आठवडाभर अलीकडे आणली.

हे भावाला अभिमानाने सांगितले, तेव्हा तो उठून माळ्यावर गेला आणि ट्रंकेतला एक गठ्ठा घेऊन आला. मी पट्ट्या नेहमी पुढच्या बाजूने वाचल्या होत्या. त्याने त्या उलट्या केल्या. पाठीवर आबांचे बारीक अक्षर, ‘वरचा सडा, उशिराची तोड?’ पुढच्या पट्टीवर पुन्हा तेच, प्रश्नचिन्हासकट. पेट्या सगळ्या एकत्र जात होत्या, त्यामुळे ताडून बघायला त्यांच्याकडे काही नव्हते. तीन हंगाम त्यांनी असे लिहिले होते. चौथ्या वर्षापासून पाठी कोऱ्या.

गेल्या मेमध्ये पुण्याहून एका गिऱ्हाईक बाईंचा फोटो आला. आंबा उभा चिरलेला, बाठ्याच्या दोन्ही अंगांना साका, इतका ठळक की शाळेच्या पुस्तकात छापावा. बाई चांगल्या होत्या, पैसे परत मागत नव्हत्या, नुसते कळवत होत्या. मी लगेच विचारले, पेटीतल्या चिठ्ठीवर काय लिहिले होते? थोड्या वेळाने उत्तर आले, अहो, चिठ्ठी पेटीबरोबर कचरेवाल्याला दिली, चालेल ना?

मी वही उघडली. तारीख टाकली, ‘साका, १’ असे लिहिले, आणि झाडाच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली.